बेकरीचा फोन पुन्हा जोडण्याबाबत, हमीपत्राशिवाय

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
आपत्ती निवारण व नागरी सूचना विभाग,
दुसरा मजला, जिन्यासमोरील दालन.

विषय : बेकरीचा तोडलेला फोन पूर्ववत जोडणे, चुकीचे पत्रक मागे घेणे आणि घड्याळवाल्या काकूंच्या मृत्यूच्या अहवालातील एक वाक्य खोडणे याबाबत.

संदर्भ : (१) 'अनधिकृत माहिती केंद्र चालविणे' ही आपली नोटीस, जावक क्रमांक पुसट असल्याने वाचता येत नाही.
(२) आपण सहीसाठी पाठविलेला हमीपत्राचा नमुना.
(३) अर्जदाराचे यापूर्वीचे सर्व अर्ज, ज्यांची पोच मिळाली आहे, उत्तर मिळालेले नाही.

महोदय,

१. अर्जदार ही उताराच्या रस्त्यावरील बेकरी चालवते. मागच्या अर्जात तिने 'मी', 'आम्ही', 'आमच्या घरी' असे शब्द वापरले होते. तो अर्ज 'वैयक्तिक स्वरूपाचा' असा शेरा मारून परत आला. म्हणून या वेळी ती स्वतःला 'अर्जदार' म्हणवून घेत आहे. सासूबाईंना मात्र या अर्जातही सासूबाईच म्हटले आहे. त्यांना दुसरे काही म्हणण्याची घरात कोणाची छाती नाही.

२. बेकरीत मागे भट्टी आहे, पुढे काउंटर, आणि काउंटरच्या टोकाला बिस्किटांच्या बरण्यांमागे फोन. भट्टी अर्जदाराचे पती सांभाळतात, काउंटर अर्जदार सांभाळते, आणि फोन सासूबाई. सासरे गेल्यापासून त्यांनी फोनजवळची खुर्ची सोडलेली नाही. कोणाला किती पाव लागतात, कोणाच्या केकवर काय लिहायचे, कोण सकाळी ऑर्डर देऊन दुपारी नाही म्हणते, हे सगळे त्यांना आवाजावरून कळते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आपल्या विभागाने घरोघर एक पत्रक वाटले. 'घाबरू नका, आम्हाला विचारा' असे त्यावर मोठ्या अक्षरांत होते आणि खाली नियंत्रण कक्षाचा म्हणून एक फोन क्रमांक. तो क्रमांक बेकरीचा होता. आपला आणि बेकरीचा क्रमांक यांत एकाच आकड्याचा फरक आहे आणि छापताना नेमका तोच आकडा चुकला. पहिला फोन आला तेव्हा एका बाईंनी विचारले, "साहेब आहेत का?" सासूबाई म्हणाल्या, "साहेब नाहीत, पाव आहेत."

अर्जदार ते पत्रक घेऊन आपल्या कार्यालयात आली. खिडकीवरचे कारकून म्हणाले, "बाई, छापून झालंय सगळं. आता एवढे गठ्ठे संपू द्यात." पुढच्या वर्षी नवे पत्रक आले. कागद गुळगुळीत, रंग हिरव्याचा निळा, वर हसऱ्या कुटुंबाचा नवा फोटो, आणि खाली क्रमांक पुन्हा बेकरीचाच. अर्जदार पुन्हा खिडकीवर गेली. तेच कारकून म्हणाले, "मंजुरी रंग बदलायची होती. मजकुराची नव्हती."

३. सुरुवातीला सासूबाई येणाऱ्या प्रत्येकाला "हा बेकरीचा नंबर आहे" असे सांगून फोन ठेवत असत. हे त्यांनी कधी थांबवले ते अर्जदार नमूद करू इच्छिते.

त्या वर्षी ऊन वेळेच्या फार आधी आले. ज्या दिवसांत अजून रात्री पांघरूण लागायचे, त्या दिवसांत भट्टीजवळ उभे राहवत नव्हते आणि भट्टीपासून लांब गेले तरी फरक पडत नव्हता. दुपारी फोन वाजला. छपरांना डांबर लावणाऱ्या एका कामगाराची बायको बोलत होती. नवरा कामावरून आला आहे, अंग तव्यासारखे तापले आहे, घाम अजिबात नाही आणि काहीच्या बाही बडबडतो आहे, असे ती म्हणाली. सासूबाईंनी सवयीने सांगितले, "अगं, हा बेकरीचा नंबर आहे." पलीकडून ती बाई रडत म्हणाली, "कोणाचा का असेना! पत्रकात लिहिलंय भरपूर पाणी पाजा, आणि तो गिळतच नाहीये. मी काय करू तेवढं सांगा!"

सासूबाईंनी तिला फोन धरून ठेवायला सांगितले आणि अर्जदाराला समोरच्या दवाखान्यात पिटाळले. नर्सबाई हातातले काम टाकून धावत आल्या आणि फोनवर ओरडल्या, "पाणी ओतू नका तोंडात, ठसका लागेल. कपडे काढा, ओल्या चादरीत गुंडाळा, वारा घाला आणि मिळेल त्या गाडीनं हॉस्पिटलला न्या. थांबू नका."

तो माणूस वाचला. आठवड्याने तो स्वतः बेकरीत आला आणि काउंटरपाशी उभा राहिला. सासूबाईंनी त्याला खारी दिली आणि डोक्याला फडके बांधल्याशिवाय छपरावर चढशील तर बघ, असा दम भरला. त्या दिवसापासून त्यांनी "हा बेकरीचा नंबर आहे" म्हणणे सोडले. त्या "बोला" एवढेच म्हणू लागल्या.

४. नोटिशीत आपण 'अर्जदार व तिची सासू यांनी तज्ज्ञ असल्याचा आव आणला' असे लिहिले आहे. हे साफ खोटे आहे. सासूबाईंना हवामानातले ओ की ठो कळत नाही आणि त्या तसे प्रत्येकाला सांगतात. त्यांची पद्धत सोपी आहे. कोणी काही विचारले की आधी म्हणायचे, "मला माहीत नाही, विचारून सांगते." मग ज्याला माहीत असेल त्याला गाठायचे. बाजारापलीकडच्या पुलावर टपरीवाला आहे, बसडेपोत कंडक्टर आहेत, दवाखान्यात नर्सबाई आहेत, धरणावर दरवाजांचा मेकॅनिक आहे. हे सगळे बेकरीचे गिऱ्हाईक. मग परत फोन करायचा आणि सांगायचे : एवढे कळले, अमक्याने सांगितले, आणि एवढे अजून कोणालाच माहीत नाही.

एकदा चूक झाली. वरच्या बाजाराचा रस्ता मोकळा आहे असे त्यांनी तीन-चार घरांना सांगितले आणि तेवढ्यात त्या रस्त्यावर झाड पडले. कळल्याबरोबर त्यांनी एकेकाला फोन लावला आणि म्हणाल्या, "मघाशी मी चुकीचं सांगितलं. त्या रस्त्यानं जाऊ नका." अर्जदाराच्या पतींना ते पटले नाही. ते म्हणाले, "आई, आपणच चूक कबूल करत सुटलो तर उद्या विश्वास कोण ठेवणार?" सासूबाई म्हणाल्या, "उद्याच ठेवतील." आणि झालेही तसेच. दुसऱ्या दिवशी फोन दुपटीने आले.

५. आता मुख्य मुद्दा. आपल्या कार्यालयाच्या दारात एक मोठा फलक आहे. 'हवामान बदल : उद्याचे आव्हान.' अर्जदाराची विनंती आहे की त्यातला 'उद्याचे' हा शब्द काढावा. खालच्या गल्लीत राहणाऱ्यांसाठी ते आव्हान उंबरठा ओलांडून, चपला वाहून नेऊन, परत जाऊनही झाले आहे.

खालच्या गल्लीत घड्याळवाल्या काकांच्या दुकानाच्या भिंतीवर आपल्याच विभागाने पूर्वी एक लाल रेघ मारली होती. पाणी याच्या वर जात नाही, अशी ती रेघ. अर्जदार लग्न होऊन आली तेव्हा लोक ती पाहुण्यांना दाखवत, कारण रेघेपर्यंत पाणी आलेले पाहिलेली माणसे सगळी म्हातारी होती. गेल्या काही वर्षांत पाणी रेघेच्या वर इतक्यांदा गेले की काकांनी स्वतःच्या हाताने तिच्या वर दुसरी रेघ मारली, मग तिसरी. तिसरीच्या वर त्यांचे भिंतीवरचे घड्याळ होते, ते त्यांनी उचलून माळ्यावर ठेवले. पूर्वी एखाद्या पिढीत एकदा होणारी गोष्ट आता मुलाच्या एका इयत्तेत दोनदा होते. नोकरीवाल्या माणसांना हे ऐकायला जड जात असेल, पण नदी आता कॅलेंडर बघत नाही.

आपले पत्रक मात्र जुनेच कॅलेंडर बघते. त्यात लाल रेघेचा उल्लेख आहे. त्यात 'सुरक्षित स्थळ : नाल्याजवळील प्राथमिक शाळेचे सभागृह' असे छापलेले आहे. ती शाळा एके काळी खरोखर सुरक्षित होती. नंतर तिच्या शेजारून उंच रस्ता झाला आणि आता सगळीकडचे पाणी आधी शाळेच्या पटांगणात येऊन थांबते. फोन तोडण्याआधीच्या पुराच्या वेळी सासूबाईंनी फोनवरून निदान दहा-बारा कुटुंबांना शाळेच्या वाटेवरून परत फिरवले आणि पिठाच्या गोदामात पाठवले, कारण ते चढावर आहे आणि गोदामवाला माणुसकीचा आहे. ही बाब अर्जदाराने फोटोसह आपल्याला कळवली होती. पोच आहे.

६. त्याच पुरात एक बातमी मोबाईलवरून गल्लोगल्ली फिरली की धरण फुटले. बाजारात पळापळ झाली. शिवणकामवाल्या मावशी जिन्यावरून पडल्या, त्यांचा हात मोडला. आपल्या विभागाकडून ना होय, ना नाही. रेडिओवर गाणी चालली होती. बेकरीचा फोन क्षणभर थांबत नव्हता. सासूबाईंनी मेकॅनिकला गाठले. तो म्हणाला, "फुटलं-बिटलं काही नाही, आजी. पण दरवाजे उघडलेत. पाणी संध्याकाळपर्यंत तुमच्याकडं पोचेल."

त्यांनी हे दोन्ही सांगितले, हे महत्त्वाचे. नुसते 'फुटलेले नाही' एवढेच सांगितले असते तर लोक निवांत जेवायला बसले असते. प्रत्येक फोनवर त्या म्हणाल्या, "धरण फुटलेलं नाही, पळू नका. पण पाणी सोडलंय, तेव्हा झोपूही नका. अंधार पडायच्या आत वर निघा. चालत निघा, धावत नाही."

त्या गडबडीत एक फोन आला. पलीकडचा माणूस फार अदबीने म्हणाला, "नमस्कार, खालच्या गल्लीत पाण्याची सध्याची स्थिती काय आहे, सांगू शकाल का?" सासूबाईंनी सांगितले. मग त्यांनी विचारले, "आपण कोण?" तो माणूस म्हणाला, "नियंत्रण कक्षातून बोलतोय. आमच्याकडे हेच पत्रक आहे." अर्जदार कोणावर राग धरून हे लिहीत नाही. त्या माणसाने आभार मानले होते.

७. त्यानंतर नोटीस आली आणि अर्जदार व सासूबाई आपल्यासमोर हजर झाल्या. पंखा बंद होता, आपण स्वतः घामाने चिंब होतात, तरी आपण सासूबाईंना आपली खुर्ची दिलीत. अर्जदार ते विसरलेली नाही. आपला स्वभाव वाईट नाही हे तिने तेव्हाच पतीला सांगितले होते. म्हणूनच हा अर्ज ती वरच्या कोणाकडे न पाठवता आपल्याकडे पाठवत आहे.

आपण म्हणालात, "बाई, तुमचा हेतू चांगला आहे. पण माहिती आधी वर जाते, तिथं तपासली जाते, मंजूर होते, मग खाली येते."

अर्जदार म्हणाली, "साहेब, पाणी तसं येत नाही."

आपण म्हणालात, "आणि तुमच्याकडून काही चुकीचं गेलं, माणसं गेली, तर जबाबदार कोण?"

सासूबाई म्हणाल्या, "मी. लोक फोनवर विचारतात, कोण बोलतंय. मी नाव सांगते. तुमच्या पत्रकावर कोणाचं नाव आहे?"

आपण पत्रक उलटून पाहिलेत. मागे छापखान्याचे नाव होते. आपण ते परत टेबलावर ठेवलेत. मग म्हणालात, "मला वरून विचारणा झाली आहे." आणि आठवड्याच्या आत बेकरीचा फोन तोडण्यात आला. आपला खरा क्रमांक लोकांना कळवण्याचे आश्वासन मिळाले होते. त्याचे नवे पत्रक अजून छापखान्यात आहे असे समजते. जुने मात्र प्रत्येक घराच्या फ्रिजवर आहे.

८. यापुढील मजकूर लिहिताना अर्जदाराला कार्यालयीन भाषा जमेलच असे नाही.

आपल्या कागदावर पावसाचा हंगाम संपला. पाऊस संपला नव्हता. लोकांनी छत्र्या आत ठेवल्या होत्या, शाळा सहामाही परीक्षेच्या तयारीत होत्या, आणि सकाळी आभाळ असे काळे झाले की बेकरीत दिवे लावावे लागले. दुपारपर्यंत नाला रस्त्यावर होता. मोबाईलचा टॉवर आधी गेला. अर्जदाराने समोरच्या दवाखान्यातून आपला खरा क्रमांक फिरवला, जो तिला पाठ आहे. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज आला : 'हंगाम संपल्यामुळे नियंत्रण कक्ष बंद करण्यात आला आहे. कृपया पुढील हंगामात संपर्क साधावा.' नर्सबाईंनी अर्जदाराच्या हातातून रिसीव्हर घेतला, स्वतः ऐकला, आणि अशी शिवी दिली जी या अर्जात लिहिता येत नाही.

अर्जदार आणि तिचे पती खाली धावले. पतींनी पावाच्या सायकलीची घंटा वाजवत घराघरापुढे "बाहेर या, गोदामात चला" असा आरडाओरडा केला. ते फार कमी बोलणारे गृहस्थ आहेत. त्या दिवशी त्यांचा घसा बसला तो अजून पुरता सुटलेला नाही. नाल्याच्या अलीकडची जवळजवळ सगळी घरे रिकामी झाली. नाल्यापलीकडे जाता येईना. पाणी कमरेच्या वर होते आणि ओढ अशी की पतींनी एकदा प्रयत्न केला आणि सायकल हातातून गेली. पलीकडे काही घरे होती. त्यांत घड्याळवाले काका आणि काकू राहत होते.

काकूंच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झाले होते. त्या हळू चालायच्या. दोघे घरातून वेळेवर निघाले, घाबरले नाहीत, वीज बंद केली, कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घेतली. पत्रकात सांगितले आहे तसेच सगळे केले आणि पत्रकात सांगितले आहे तिथेच गेले. शाळेच्या सभागृहाला कुलूप होते. पटांगणात पाणी चढत होते. मागे वळायला वाट उरली नव्हती. काकांनी एका हाताने खिडकीचे गज धरले आणि दुसऱ्या हाताने काकूंना. संध्याकाळी होडी पोचली तेव्हा काका गज धरून होते. काकू दुसऱ्या दिवशी पटांगणाच्या कोपऱ्यात, झोपाळ्याच्या खांबाशी सापडल्या.

९. काकूंचे दिवसकार्य झाल्यावर काका बेकरीत आले. सासूबाई फोनजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. फोन मेलेला होता तरी त्या तिथेच बसत. काका समोर उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, आम्ही आधी तुम्हालाच फोन लावला होता. दोनदा लावला. लागला नाही, म्हणून मग पत्रक वाचलं."

काका दोष द्यायला आले नव्हते. त्यांना फक्त ते कोणाला तरी सांगायचे होते. सासूबाई उठल्या, त्यांना आपल्या खुर्चीवर बसवले आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या. बऱ्याच वेळाने अर्जदार आत गेली तर चहा उतू जाऊन गॅस विझला होता आणि सासूबाई ओट्याला धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सूनबाई, लिहायला बस." हा अर्ज त्यांच्या सांगण्यावरून आहे. ज्या ठिकाणी भाषा जास्तच तिखट वाटेल ती वाक्ये त्यांची समजावीत. त्याहून तिखट वाक्ये अर्जदाराने गाळली आहेत.

१०. यानंतर आपला अहवाल प्रसिद्ध झाला. काकूंच्या मृत्यूपुढे त्यात असे लिहिले आहे : 'प्रशासनाच्या सूचनांचे पालन न केल्यामुळे.'

महोदय, हे वाक्य खोडावे. त्या बाईंनी आपल्या सूचनांचे अक्षरशः पालन केले. आख्ख्या वस्तीत ते करणारे बहुधा ते दोघेच होते. नाल्याअलीकडचे वाचले ते पावाच्या सायकलीची घंटा ऐकून. ते वाक्य राहिले तर पुढच्या वर्षी पत्रक वाचणाऱ्या प्रत्येकाला असे वाटेल की पत्रक बरोबर होते आणि ती म्हातारी हट्टी होती. म्हणजे एका चुकीच्या माहितीने माणूस जाईल आणि दुसऱ्या चुकीच्या माहितीने पहिली झाकली जाईल. ऊन वाढते आहे, पाऊस वेळ सोडून येतो आहे, हे आपल्या एकट्याच्या हातातले नाही, हे अर्जदाराला समजते. ते वाक्य मात्र आपल्या हातातले आहे. त्याला पेन पुरते.

११. अहवालासोबत आपण हमीपत्र पाठवलेत. त्यात असे आहे की, अर्जदाराने बेकरीच्या फोनवरून 'बेकरी उत्पादनांव्यतिरिक्त कोणत्याही विषयावर माहिती देणार नाही' अशी हमी दिल्यास फोन सहानुभूतीपूर्वक जोडण्यात येईल.

घरात यावर बोलणे झाले. पती म्हणाले, "सही करून टाक. फोन तर येईल. नंतरचं नंतर बघू." ते घाबरून म्हणाले नाहीत, धंद्याचा विचार करून म्हणाले, आणि त्यांचा विचार चुकीचा नव्हता. फोन नसल्याने अर्ध्या ऑर्डरी गेल्या आहेत. अर्जदाराने पेनही हातात घेतले होते. मग तिच्या मनात आले की उद्या त्या डांबरवाल्याच्या बायकोसारखी कोणी फोन करील, नवरा तापाने बडबडतो आहे म्हणून सांगेल, आणि अर्जदार म्हणेल, "माफ करा, खारी हवी असेल तर बोला." हे तोंडातून निघणार नाही. मग जे पाळता येणार नाही त्यावर सही करणे म्हणजे खोटी माहिती देणेच झाले, आणि त्याचा कंटाळा आल्यामुळेच तर हा सगळा प्रपंच चालला आहे. पतींनी ऐकून घेतले, बसलेल्या आवाजात "बरं" म्हणाले आणि भट्टीकडे गेले.

सबब हमीपत्र सही न करता परत पाठवत आहे.

१२. तरी विनंती अशी की :

बेकरीचा फोन विनाअट जोडावा. काकूंच्या नावापुढील वाक्य खोडावे आणि त्या सूचनांचे पालन करताना गेल्या असे लिहावे. शाळेचा उल्लेख असलेले प्रत्येक पत्रक परत गोळा करावे. नुसते नवे छापून भागणार नाही, जुने फ्रिजवरून निघाले पाहिजे, आणि त्यासाठी माणसे नसतील तर आम्ही घरोघर जाऊ. नियंत्रण कक्ष बाराही महिने उघडा ठेवावा. आणि जे माहीत नसेल ते माहीत नाही असे सांगण्याची परवानगी आपल्या कर्मचाऱ्यांना लेखी द्यावी. त्यांना ते सांगायचे असते, हे अर्जदाराने खिडकीवर उभे राहून पाहिले आहे. ते सांगितले तर नोकरी जाईल अशी त्यांना भीती असते.

उत्तराची वाट बघत बसणे परवडणारे नाही, कारण ऊन पुन्हा लवकर चढू लागले आहे. म्हणून कालपासून बेकरीच्या बाहेर एक काळा फळा लावला आहे. शाळेतून वाहून आलेला, घड्याळवाल्या काकांनी धुऊन, चौकट ठोकून दिलेला. त्यावर सासूबाई रोज सकाळी तीन गोष्टी लिहितात : काय कळले, काय कळले नाही, आणि काल आपण काय चुकीचे लिहिले होते. प्रत्येक ओळीपुढे कोणाकडून कळले ते लिहिलेले असते. आज सकाळी फळ्यासमोर इतकी माणसे होती की पाव लवकर संपले.

हाही फळा अनधिकृत आहे, हे अर्जदाराला ठाऊक आहे. तो काढायला माणसे पाठवायची असल्यास जरूर पाठवावीत, त्यांना चहा मिळेल, फळा मिळणार नाही. मात्र त्यावरील एखादी ओळ चुकीची आहे असे आपणास आढळले, तर आपण स्वतः यावे, सगळ्यांसमोर ती पुसावी आणि बरोबर काय ते लिहावे. कोणी अडवणार नाही. उलट सासूबाई बाजूला सरकून जागा देतील. आपल्या कार्यालयात खडू नसेल, म्हणून सोबत जोडला आहे. फक्त लिहिल्यावर खाली आपले नाव घालावे.

आदर राखून आणि म्हणणे न सोडता,

आपली,
(सही)
अर्जदार, उताराच्या रस्त्यावरील बेकरी

(अंगठ्याशेजारी सही)
सासूबाई. त्यांना सही येते. अंगठा त्यांनी रागाने उमटवला आहे.

दिनांक : टपालाच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत :
(१) हमीपत्र, सही न केलेले.
(२) पत्रक, दोन्ही रंगांतील.
(३) घड्याळवाल्या काकांचे निवेदन, त्यांच्या हस्ताक्षरात.
(४) खडू, एक नग.